पहिला नग

१

बंगळूरच्या चामराजपेटेत संपदाचं दुकान शोधायला पाटी वाचावी लागत नाही. मशीनचा आवाज ऐकायचा आणि आत शिरायचं. कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीची ती अनेक सुयांची मशीन सकाळी सुरू झाली की शेजारच्या उदबत्तीवाल्याच्या कपाटाच्या काचा थरथरायला लागत. मग तो अण्णा येऊन रोज तक्रार करी, आणि संपदा रोज ‘सरी अण्णा’, बरं अण्णा, म्हणून त्याच्याकडे कॉफी पाठवी. कित्येक वर्षं चाललेलं हे भांडण दोघांपैकी कुणालाच मिटायला नको होतं. शाळांचे बॅज, क्रिकेट क्लबांची चिन्हं, हॉटेलातल्या वाढप्यांच्या खिशांवरची नावं, देवळांच्या पताका, असं सगळं त्या मशीनवर निघत असे.

घराणं भावसारांचं, कापडाला हात लावून जगणारं. खापरपणजोबा कापड रंगवत, आजोबा शिवत, वडिलांनी म्हणजे रघुपतींनी भरतकामाचं यंत्र आणलं आणि ते गेल्यावर संपदाने कॉम्प्युटरवाली मशीन घेतली. एवढं सगळं बदललं तरी एक नियम तेवढा बदलला नाही. नवी नक्षी मशीनवर चढली की तिचा पहिला नग देवीचा. तो गिऱ्हाइकाला द्यायचा नाही आणि कुणाच्याही अंगावरच्या कापडाला लावायचा नाही. भिंतीवर हिंगुलांबिकेची तसबीर होती, तिच्याखाली पत्र्याचा डबा. पहिला नग त्या डब्यात जाई आणि दसऱ्याला डबा होमात रिकामा होई.

लहानपणी संपदाने एकदा विचारलं होतं, असं का म्हणून. रघुपती सुईत दोरा ओवत होते. म्हणाले, “पहिल्या नगात सुई वाट शोधत असते बाळ. ती सापडायच्या आधी तिच्या मागनं माणूस पाठवू नये.” संपदाला त्यातलं काही उमगलं नाही, आणि पुढे कामाच्या रगाड्यात तिने त्यावर डोकं चालवलंही नाही. पण नियम पाळला.

त्या वर्षीचं मोठं काम घरातूनच आलं. तिचा धाकटा भाऊ प्रणीत अंतराळात जाणार होता. गल्लीत हे कुणाला सांगितलं की आधी माणूस हसे आणि मग ओशाळून पेपर मागून घेई. तिघांची मोहीम होती. मोहिमेची प्रमुख शलाका, दुसरा शंतनु आणि तिसरा प्रणीत. अशा प्रत्येक मोहिमेचा एक पॅच असतो, छातीवर शिवायचं गोल भरतकामाचं चिन्ह, आणि ते कसं असावं हे जाणारी माणसंच ठरवतात. प्रणीतने बाकी दोघांना सांगून टाकलं, की आमची अक्का करेल.

संपदाने पाटीभर कागद वाया घालवले आणि शेवटी एक चित्र पक्कं केलं. काळ्या उतारावर उभ्या तीन आकृत्या, पांढरे सूट, डोक्यावर गोल शिरस्त्राणं. तिघांच्याही पाठी आपल्याकडे, तोंडं समोर उगवणाऱ्या निळ्या पृथ्वीकडे. कडेने सोनेरी गोल. मधला प्रणीत. शलाकाने विचारलं, पाठमोरेच का? संपदा म्हणाली, तसं चांगलं दिसतं.

खरं कारण वेगळं होतं. आई गेली तेव्हा प्रणीत अजून बोबडं बोलत होता आणि त्याला संपदानेच वाढवला. पुढे शाळेला, मग हॉस्टेलला, मग ट्रेनिंगला, दर वेळी ती त्याला सोडायला स्टॉपपर्यंत जायची. प्रत्येक वेळी तो पिशवी खांद्यावर टाकून निघायचा आणि एकदाही मागे वळून बघायचा नाही. ती मात्र बस दिसेनाशी होईपर्यंत उभी. त्याच्या मानेवर केसांच्या खाली एक तीळ होता, तो तिला त्याच्या तोंडापेक्षा जास्त पाठ होता. एवढ्याशा गोष्टीचं काय वाईट वाटून घ्यायचं, असं ती स्वतःला बजावायची आणि तरी तिला वाईट वाटायचं.

२

आगीला दाद न देणारं कापड आणि दोरे मोहिमेच्या ऑफिसातूनच आले होते. सोनेरी दोऱ्याचं एकच रीळ होतं, तेही फक्त कडेसाठी. संपदाने फ्रेम घट्ट बसवली आणि मशीन सुरू केली. दुकानात दोरे कातरायला रत्नाबाई होत्या, रघुपतींच्या वेळेपासूनच्या. मशीन थांबल्यावर त्यांनी पहिला नग कातरून संपदापुढे ठेवला आणि त्या पुढच्या शाळेच्या बॅजांना लागल्या.

मधल्या आकृतीच्या शिरस्त्राणावर, उजव्या कडेला, सोनेरी ठिपका होता. मोहरीएवढा.

संपदाने पडद्यावर नक्षी उघडून पाहिली. सोनेरी सुई सगळ्यात शेवटी चालत होती आणि फक्त कडेला. मध्ये तिचं कामच नव्हतं. सुई बदलताना कधी कधी दोरा ओढला जातो, तसंच झालं असणार म्हणून तिने नग उलटा केला. मागे ओढलेला दोरा नव्हता. टाका दोन्ही बाजूंनी बांधलेला होता, मुद्दाम घातल्यासारखा. तिने दुसरा नग काढला. तो अगदी स्वच्छ आला. मग तिने मान हलवली आणि नाद सोडला. मशीन आहे, कधी शिंकते.

दुपारी प्रणीत बेळ्ळंदूरहून आला. रिंगरोडवर अडकून भुकेला झालेला, हातात यानात घालायचा निळा सूट. आल्या आल्या त्याने टेबलावरचे नग चाळले आणि नेमका पहिलाच उचलला.

“अक्का, हा बघ. हा मधला मागे वळून बघतोय.”

संपदा म्हणाली, तो देवीचा आहे, ठेव खाली. पण तो ऐकतोय कुठला? त्याने तो छातीला लावला आणि आरशापुढे उभा राहिला.

“देवीला दुसरा दे की. तिला काय फरक पडतो? वर गेल्यावर मी म्हणेन, हा मीच, आणि खाली अक्का उभी आहे तिला बघतोय.”

इतकी वर्षं आपण मागे उभ्या असतो हे त्याला कळत होतं तर. बाकी कुणी मागितला असता तर तिने हातावर चापट मारली असती. तिने सुई घेतली आणि पहिला नग स्वतःच्या हाताने त्याच्या सुटावर शिवला, बारीक टाके घालून, दोनदा गाठ मारून. दुसरा, स्वच्छ नग तिने डब्यात टाकला. रत्नाबाईंनी कात्रीवरून नजर न उचलता विचारलं, “पहिला टाकला ना गं डब्यात?”

“हो,” संपदा म्हणाली.

जेवून प्रणीत निघाला. ती पायरीवर उभी राहिली. रिक्षा कोपऱ्यावर वळली, आणि त्याने मागे पाहिलं नाही.

३

उरलेल्यांपैकी एक नग पुरुषोत्तमकाकांना द्यायचा होता. पुरुषोत्तमकाका मूळचे पुण्याचे, निवृत्त इंजिनियर. बसवनगुडीत राहून जन्म गेला तरी इथल्या कॉफीला नावं ठेवत आणि दिवसातून चार वेळा पीत. त्यांना एकच वेड होतं, मोहिमांचे पॅच जमवायचं. त्यांच्या दिवाणखान्याच्या एका भिंतीवर खिळा ठोकायला जागा नव्हती. काचेच्या चौकटीत देशोदेशीचे गोल, त्रिकोणी, ढालीसारखे पॅच, प्रत्येकाखाली त्यांच्या कोरीव अक्षरातली चिठ्ठी. संपदा नग घेऊन त्यांच्या घरी गेली तेव्हा ते तिला समजावून सांगू लागले, की पॅचांच्या तीन जाती असतात. नुसता बनवलेला, अंगावर घातलेला आणि वर जाऊन आलेला. तिसऱ्या जातीचा त्यांच्याकडे एकही नव्हता.

“प्रणीतने शब्द दिलाय मला,” ते म्हणाले. “परत आला की सुटावरचा उसवून माझा. तू मध्ये खोडा घालू नकोस म्हणजे झालं.”

संपदा हसली आणि त्यांना फोनवर त्या दिवशीच्या पेपरातला फोटो दाखवला. तिघं निळ्या सुटात ओळीने उभे. काकांनी सवयीने तिघांची तोंडं सोडून पॅच मोठा करून पाहिला.

“वा. मधल्याला बाजूने दाखवलंस होय? काच मस्त चमकतेय.”

“नाही काका, तिघंही पाठमोरे आहेत.”

काकांनी फोन तिच्याकडे वळवला. ठिपका ठिपका राहिला नव्हता. शिरस्त्राणाच्या कडेला सोन्याची कोर होती, आणि मधल्याचा खांदा बाकी दोघांसारखा सरळ नव्हता. जरासा आत आला होता, वळायला निघालेल्या माणसाचा येतो तसा.

तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. काकांपाशी मात्र उत्तर तयार होतं. दोरा ज्या दिशेने घातलेला असतो तसा चमकतो, श्वास घेतला की छातीवरचं कापड ताणतं, शिवाय पेपरवाले फोटोत रंग भरतात. हे सगळं संपदाला त्यांच्याहून चांगलं माहीत होतं, आणि तरी ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकून तिला बरं वाटलं. काकांनी भिंतीवरचा एक जुना फोटो दाखवला. अंतराळवीर समोरून, तोंडावर सोनेरी काच.

“यात चेहरा कधीच दिसत नाही बघ. काचेत दिसतो तो फोटो काढणारा. हा इथे, बारका. समोर कोण उभं आहे ते काचेवरून ओळखायचं.”

परत येताना मेट्रोत तिला बसायला जागा मिळाली. तिने फोन पर्समध्ये ठेवला आणि चेन लावली. घरी येईपर्यंत तो काढला नाही.

४

यान सुखरूप वर गेलं. गल्लीत फटाके वाजले, उदबत्तीवाल्या अण्णाने त्या दिवशी मशीनची तक्रार केली नाही. संपदाचा जीव मात्र टांगणीला लागला तो लागलाच. घरच्यांना रविवारी दुपारी बोलता येई. ती दुकान बंद करून, मशीनशेजारच्या टेबलावर पडदा ठेवून बसे.

पहिल्या रविवारी प्रणीत तरंगत समोर आला, तोंड सुजल्यासारखं, हसरं. चांगला होता. जेवत होता, झोपत होता, शंतनुच्या घोरण्याला वैतागला होता. ती ऐकत होती आणि तिचे डोळे त्याच्या छातीवर होते. मधली आकृती अर्धी वळली होती. आता दोऱ्याची चमक म्हणून सोडून देण्यासारखं ते राहिलं नव्हतं, कारण तिला त्या आकृतीचा हात दिसत होता. तो हात तिने काढलाच नव्हता.

बोलणं संपल्यावर तिने देवीखालचा डबा उघडला. डब्यातल्या नगावर तीन पाठी होत्या, जशा हव्या तशा. तिने देवीला हात जोडले आणि मनातल्या मनात चूक सांगून टाकली. देवीची तसबीर जशी होती तशीच होती.

पुढच्या वेळी मधल्याची काच पूर्ण समोर आली होती. सोनेरी, गोल, आणि तिच्या मधोमध काळ्या दोऱ्याचा एक उभा टाका. संपदाला राहवलं नाही.

“प्रणीत, तो पॅच जरा जवळ आण.”

त्याने सूट ओढून कॅमेऱ्यापाशी धरला. पडदाभर तो मधला तिच्याकडे बघत होता.

“काय दिसतं तुला त्यात?”

“तीन पाठी,” तो म्हणाला. “तू केल्यास तशा. का गं?”

तिने त्याला सांगितलं, तो उसवून टाक. तो हसला. म्हणाला, इथे असली कामं करायला सवड नाही, आणि तुझे टाके म्हणजे दातांनी तुटायचे नाहीत. मग बाजूला कुठेतरी बघत म्हणाला, “इथल्या खिडकीतनं एवढं दिसतं ना अक्का, मान वळवावीशीच वाटत नाही.”

त्यानंतरच्या रविवारी पडद्यावर आधी शलाका आली. ती घाईघाईने बोलली, प्रणीत ठीक आहे, काम चोख आहे, फक्त फावला वेळ सगळा खिडकीपाशी असतो. तिच्या मागे तो दिसत होता. पाठमोरा, बाहेरच्या निळ्या उजेडात काळा. संपदाने हाक मारली.

“बोल अक्का,” तो म्हणाला. आवाज त्याचाच, खुशीतला. ती बोलली, त्याने उत्तरं दिली. त्याची मान काही वळली नाही, आणि कॉलरच्या वर तिला तो तीळ स्पष्ट दिसत होता.

त्या रात्री तिला झोप आली नाही. मन चिंती ते वैरी न चिंती, असं आई म्हणायची. शलाकाला सांगावं का? काय सांगायचं? माझ्या भावाच्या पॅचवरची बाहुली माझ्याकडे बघते, आणि भाऊ बघत नाही? वर असलेल्या माणसाच्या बहिणीला वेड लागलं असं कळलं तर त्याचंच चित्त उडेल. तिने तोंड मिटलं आणि देवापाशी एकच मागणं मागितलं, तो परत येऊ दे. बाकी मग बघू.

५

आणि तो परत आला.

यान समुद्रात उतरलं तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. अण्णाने म्हैसूरपाक वाटला. टीव्हीवर एकेकाला बाहेर काढत होते. प्रणीत आला तशी सगळी एकदम ओरडली, हसला बघा, हात केला बघा. त्याच क्षणी कुणीतरी आनंदाने संपदाला मिठी मारली होती. ती त्या खांद्याआडून बाहेर आली तेव्हा दोघं जण त्याला धरून नेत होते आणि पडद्यावर पाठ होती.

मग डॉक्टरांनी त्याला ठेवून घेतलं. तिला भेटायला दिलं ते काचेपलीकडून, तो व्यायामाच्या पट्ट्यावर चालत असताना, मागून. डॉक्टर भले होते. त्यांनी समजावलं, वजन नसलेल्या जागी राहिल्यावर कानातला तोल बिघडतो, मान वळवली की गरगरतं. महिनाभर त्याला इकडे बघ तिकडे बघ करू नका. संपदाला हे ऐकून इतकं हलकं वाटलं की बाहेर येऊन ती बाकावर बसून रडली. मान वळवत नव्हता त्याला कारण होतं. पुस्तकात लिहिलेलं, सगळ्यांना होतं असं साधं कारण.

तो घरी आला तो असाच एका सकाळी. ती दारात ओवाळायचं ताट घेऊन उभी. तो रिक्षातून उतरला, वाकून बूट काढले, आणि तसाच वाकलेला तिच्या पाया पडला. तिला त्याचे केस दिसले. तिने आशीर्वाद दिला, आणि तो उठेपर्यंत रत्नाबाईंनी त्याला आपल्याकडे ओढला होता.

“केवढा वाळलास रे कंदा, माझ्या लेकरा,” त्या म्हणाल्या आणि त्याच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. “डोळे तेवढे तेच हो. आईचे.”

गल्लीतल्या सगळ्यांनी त्याचं तोंड पाहिलं. अण्णाने पाहिलं, पोरांनी पाहिलं, फोटो काढले. संपदा ताट हातात घेऊन मागे उभी होती. दोन दिवस असेच गेले. ती कॉफी घेऊन जाई तेव्हा तो खिडकीकडे तोंड करून बसलेला असे. जेवायला वाढायला वाकली की तो ताटावर वाकलेला. फोटोंमध्ये बघावं तर ज्यांनी काढले त्यांनी दाखवले, आणि नेमका त्या फोटोत तो कुणाशी तरी बोलत पलीकडे वळलेला. प्रत्येक वेळेला काही ना काही कारण होतं. संपदा ती कारणं मनात एकावर एक रचत गेली आणि त्या ढिगाकडे बघायचं टाळू लागली.

६

तिसऱ्या दिवशी दुपारी प्रणीत दुकानामागच्याच घरात, मागच्या खोलीत, खिडकीपाशी खुर्ची टाकून बसला होता. रत्नाबाई जेवायला घरी गेल्या होत्या. तो आतूनच म्हणाला, “अक्का, पुरुषोत्तमकाका येतायत पॅच न्यायला. सुटावरचा उसवून ठेव की. मला नको आता तो.”

सूट टेबलावर होता. संपदाने उसवायचा छोटा काटा घेतला आणि आपणच घातलेले टाके एकेक करून कापले. पॅच तिच्या तळहातावर आला. मधला तिच्याकडे बघत होता, दोन्ही हात अंगापासून जरा पुढे आलेले. तिने पॅच ब्लाउजमध्ये खोचला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, ती स्वयंपाकघरात गेली, गरम भात वाढला, आमटी वाढली, कोशिंबीर वाढली, आणि ताट घेऊन मागच्या खोलीत शिरली. आज तिने ठरवलंच होतं. ताट मागून द्यायचं नाही. वळसा घालून समोरून द्यायचं. आपला भाऊ आहे. आपल्या हातांनी न्हाऊ घातलेला.

खुर्चीची पाठ तिच्याकडे होती. खुर्चीच्या पाठीवर निळा शर्ट, कॉलर, मान, मानेवर तीळ. ती खुर्चीच्या डाव्या अंगाने पुढे गेली, खिडकीपर्यंत, आणि वळली. उजेड आता तिच्या पाठीवर होता आणि समोर सगळं लख्ख दिसत होतं.

समोर निळा शर्ट होता. कॉलर, मान, मानेवर तीळ.

“काय झालं, अक्का?” आवाज आला तो ती जिथून चालत आली होती त्या दाराच्या बाजूने. “दे ना ताट.”

तिने ताट पडू दिलं नाही. एवढं तिला पुढे आठवलं, की आपण ताट पडू दिलं नाही, खिडकीच्या कठड्यावर ठेवलं, आमटी सांडली नाही. मग ती भिंतीला धरून दुकानात आली. मशीन बंद होती. बाहेर अण्णाच्या दुकानात रेडिओ लागला होता, एक रिक्षावाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता, दुपार अगदी रोजच्यासारखी होती. रत्नाबाईंनी त्याचे गाल चाचपले होते. डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली होती. एवढी माणसं खोटी आणि आपण एकट्या खऱ्या, असं कसं असेल? मी दमलेय, तिने स्वतःला सांगितलं. मी रात्र रात्र जागलेय.

तिने पॅच बाहेर काढून मशीनच्या दिव्याखाली धरला आणि बारीक दोरे तपासायचं भिंग वर आणलं.

तो तिथे होता. सोनेरी काच तिच्याकडे, हात पुढे. बसस्टॉपवर वाट बघणाऱ्याने गर्दीत आपलं माणूस दिसल्यावर करावे तसे. काचेच्या मधोमध तो काळा टाका. भिंगाखाली तो नुसता टाका नव्हता. त्याला खांदे होते, वर तिच्याच अंबाड्यासारखा फुगवटा होता, आणि हातापाशी भिंगासारखी गोल, दोऱ्याची गाठ होती. समोर कोण उभं आहे ते काचेवरून ओळखायचं.

“दिसलास रे,” संपदा म्हणाली. “दिसलास बाळा.”

आता तिला रडूही येईना. इतके आठवडे तो मागे वळून हाका मारत होता आणि ती त्यालाच उसवून टाक म्हणत होती. काका येऊन त्याला काचेच्या चौकटीत घालतील, भिंतीवर, बाकीच्यांच्या ओळीत. तिने देवीच्या डब्याकडे पाहिलं. पहिला नग तिथे जायला हवा होता, पहिल्याच दिवशी. अजूनही टाकता येईल. पण डब्यातलं सगळं दसऱ्याला होमात जातं. तिने पॅच दोन्ही हातांत गच्च धरला. कुठे ठेवायचा त्याला? जगात एवढीशी जागा नव्हती.

मागच्या खोलीत खुर्ची सरकली.

“काका आले का गं, अक्का?”

काका आले नव्हते. दारात कुणी नव्हतं. अनवाणी पावलं स्वयंपाकघराच्या फरशीवरून दुकानाच्या सिमेंटवर आली, तिथे त्यांचा आवाज बदलला, आणि तिच्यापासून हातभरावर थांबली. श्वास ऐकू येत होता. तिला वाटलं, आपण वळलो की संपेल हे. वळलो की तो समोर असेल, वाळलेला, आईच्या डोळ्यांचा, आणि आपण हसू. त्याचं तोंड बघायला तिचा जीव कासावीस झाला होता.

पण तळहातावरचा तो एवढासा माणूस आता हात पुढे करून उभा नव्हता. त्याने दोन्ही हात वर केले होते, आडवे, नको नको म्हणताना करतात तसे. तिने भिंग खाली आणलं. सोनेरी काचेत तिचा टाका होता, आणि त्याच्या मागे, तिच्याहून उंच, आणखी एक काळा टाका होता.

“अक्का,” मागून आवाज आला, अगदी लाडात. “माझ्याकडे बघ ना.”

संपदाने मान वळवली नाही. ती काचेत बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांदेखत मागचा टाका पुढे सरकला आणि तिच्या टाक्याला येऊन टेकला.